चार कोरे खाने

केनवड, ता. रिसोड
१४ जानेवारी २०२४

प्रिय निकिता,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र आणि पाच आवडत्या पार्श्वसंगीतांची यादी मिळाली. वाचून तुझ्या मामीला म्हटलं, "भाची मुंबईत जाऊन बिघडली." पाचातले चार सिनेमे गेल्या दहा वर्षांतले! तरी तुझा मान ठेवायचा म्हणून 'एक स्टेशन अलीकडे' पुन्हा पाहिला. नायिका फलाटावर उभी राहते तिथं शर्वरी नाडगौडांनी चाळीस व्हायोलिनं लावली आहेत, कबूल. पण चाळीसही जण एकच ओळ वाजवतात. पंगतीत चाळीसही वाढपी वरणच घेऊन फिरले तर भात कोणी वाढायचा? मधला बासरीचा तुकडा मात्र छान आहे. त्याचे दहापैकी सात. मास्तर आहे मी, सातच्या वर सहसा चढत नाही.

आता माझी यादी. पहिला ते पाचवा नंबर, इनास रिबेलो यांची 'खडकवाट'मधली पोस्टमनची धून. सहाव्यापासून तुझी यादी सुरू कर.

हसू नकोस. सिनेमा १९७९ चा, सपाटून आपटलेला. पोस्टमन तार घेऊन डोंगर चढतो, कोणी काही बोलत नाही, आणि सव्वा मिनिट नुसता वाद्यमेळ. तुझ्या आजोबांचा, म्हणजे आप्पांचा, बँड ही धून वाजवायचा आणि आजही आमच्याकडं तिच्याशिवाय वरात निघत नाही. तू लहानपणी तिच्यावर नाचली आहेस. आपल्या घराण्यात आपण दोघंच अशी माणसं, की सिनेमात गाणं लागलं की पाणी प्यायला उठतो आणि गाणं संपलं की परत येऊन बसतो. तेव्हा तुला हे कळायला हवं.

फोन का करत नाही म्हणून विचारतेस. फोनवर मी सरगम सांगतो, तू "हो, हो" म्हणतेस आणि तिकडं भाजी चिरत असतेस. पत्र वाचायला तुला बसावं लागतं.

तुझा,
संघदीप मामा


मुंबई
२३ जानेवारी २०२४

प्रिय मामा,
सप्रेम जयभीम.

भाजी चिरणं बंद करून, हात धुऊन, बसून वाचलं. आणि वाचता वाचता उभी राहिले.

तुला माझं काम माहीत आहे: वाद्यवृंदासाठी स्वरलिपी उतरवणं. ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकायचं, प्रत्येक वाद्याची ओळ वेगळी काढायची आणि ज्याची त्याला लिहून द्यायची. जूनमध्ये आमचा कार्यक्रम आहे, जुन्या सिनेमांच्या सात पार्श्वधुनांचा. शेहेचाळीस वादक. आणि त्या सातांत, मामा, तुझी पोस्टमनची धून आहे!

पण ती गाळावी लागेल असं दिसतं. रिबेलोंचे मूळ कागद कुठंच नाहीत. त्या काळी मुद्रण झालं की कागद रद्दीत जायचे. सिनेमाची एकच प्रत कोल्हापूरच्या एका गोदामात सापडली आणि तिचा आवाज पार घासलेला आहे. वरची व्हायोलिनं ऐकू येतात. त्याखाली नुसती चरचर. आमचे संचालक, ज्यांना आम्ही सर म्हणतो, ते म्हणाले, "खालचं काहीच नाही, तर शेहेचाळीस माणसांना वाजवायला काय देऊ?"

म्हणून विचारते. तुमच्या बँडमध्ये क्लॅरनेटच्या खाली बाकीचे काय वाजवायचे? नुसता ठेका धरायचे की काही वेगळं?

तुझी,
निकिता


केनवड
३ फेब्रुवारी २०२४

प्रिय निकिता,

नुसता ठेका? तुझ्या आजोबांच्या बँडला नुसता ठेका? दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर त्याला उत्तरच दिलं नसतं.

ऐक. त्या वर्षी हिवाळ्यात केनवडच्या बाजाराच्या मैदानात टुरिंग टॉकीजचा तंबू पडला. 'खडकवाट' अकरा दिवस चालला. आप्पांनी पहिल्या दिवशी धून ऐकली आणि दुसऱ्या दिवशी बँडमधल्या तिघांना तिकीट काढून आत नेलं. टेपरेकॉर्डर कोणाजवळ होता? कान होते. आप्पांचा नियम असा, की एका माणसानं एकच वाद्य ऐकायचं. बाकी काही वाजो, तिकडं लक्ष द्यायचं नाही. आप्पांकडं वरची व्हायोलिनं, ती क्लॅरनेटवर घ्यायची. बाबूलालकडं पितळी वाद्यं, ती ट्रंपेटवर. रूपलाकडं खर्जातली मोठी व्हायोलिनं, ती युफोनियमवर, म्हणजे त्या जाड आवाजाच्या मोठ्या पितळी भोंग्यावर. मधले आवाज दौलतरावाकडं. असे दहा दिवस रोज गेले. चार माणसांनी मिळून अख्खा वाद्यवृंद डोक्यात भरून घरी आणला आणि तो पितळेत उतरवला. हे आपल्या केनवडच्या माणसांनी केलेलं आहे, पोरी!

या दौलतरावाबद्दल एकदाच सांगतो. पाटलाचा मुलगा. पुढं त्याला आपल्या बँडची लाज वाटली आणि तो सोडून गेला. आप्पांची सरगमची वही त्याच सुमारास हरवली. त्याचं नाव आमच्या घरात कोणी काढत नाही.

आणि धुनेतला गचका आठवतो का तुला? सातव्या चरणात सगळी वाद्यं एकदम थांबतात. ढोलावर एक धप्प, मग तीन मात्रा शांतता, मग पुन्हा उचल. वरातीतलं लहान पोरही त्या जागी पाय आपटून थांबतं. रिबेलोसाहेबांची सगळी कमाल त्या गचक्यात आहे. पोस्टमन चढता चढता थांबतो, हातातल्या तारेकडं बघतो, त्याचा श्वास अडकतो. चार मात्रांत केवढं सांगितलं! मी वर्गातल्या मुलांना हे वर्षानुवर्षं सांगत आलो आहे.

मी उद्याच निघतो. बाबूलाल कारंज्याला मुलाकडं असतो, रूपला जऊळक्याजवळच्या तांड्यावर. दोघंही पंचाहत्तरीच्या पुढं गेलेत, पण आहेत. त्यांच्याकडून ओळी घेतो, फोनवर मुद्रण करून पाठवतो आणि सरगम लिहून टपालानंही पाठवतो.

मोबदल्यात एकच पाहिजे. कार्यक्रमाच्या पत्रिकेत आप्पांचं नाव छापून आलं पाहिजे, गोविंदा अंभोरे, केनवड. आयुष्यभर लोकांच्या लग्नात वाजवलं त्यांनी. एका तरी पत्रिकेवर त्यांचं नाव येऊ दे.

तुझा,
मामा


मुंबई
१२ फेब्रुवारी २०२४

प्रिय मामा,

गडबडीत लिहिते. ओळी जरूर पाठव, सगळ्या पाठव. गचक्याबद्दल मागाहून लिहीन. नावाचं मी सरांशी बोलते.

निकिता


केनवड
२७ फेब्रुवारी २०२४

प्रिय निकिता,

पत्र लहान असलं तरी बातमी मोठी दिलीस. नावाचं बोलतेस म्हणजे झालंच ते काम. मी सगळ्यांना सांगून टाकलं. आपल्या पोरांनी लगेच वर्गणी करून बस स्टँडवर फ्लेक्स लावला. मधोमध क्लॅरनेट घेतलेले आप्पा आणि खाली "केनवडची धून मुंबईच्या वाद्यवृंदात!" कोपऱ्यात तुझाही फोटो आहे, दहावीतला. दुसरा मिळाला नाही.

बाबूलालकडं एसटीनं गेलो. दातांची कवळी आली आहे, त्यामुळं ट्रंपेट फुंकता येत नाही. पण तोंडानं सगळी ओळ गायला आणि गाताना उजव्या हाताची तीन बोटं मांडीवर दाबत होता. मी एका जागी मुद्दाम चुकीचं गाऊन पाहिलं, तर म्हणाला, "मास्तर, तुमी शाळा शिकवा. हे काम आमच्यावर सोडा."

रूपलाकाकाची तर वेगळीच तऱ्हा. त्याला अख्खी खर्जाची ओळ पाठ आहे आणि सिनेमाची गोष्ट अजून माहीत नाही. मी विचारलं, "काका, दहा दिवस सिनेमा पाहिला ना?" म्हणतो, "पाह्यला कुठी? डोये मिटून खालचं ऐकून राह्यलो होतो. तो पोस्टमन वर पोचला का नाई, मले काय मालूम!"

दोन्ही मुद्रणं पाठवली आहेत, सोबत सरगमही आहे. मधल्या आवाजांची ओळ नाही. ती ज्याच्याकडं आहे त्याच्या दारात मी जाणार नाही.

तुझा अभिमानी,
मामा


मुंबई
९ मार्च २०२४

प्रिय मामा,

हे पत्र मी तीन आठवडे टाळलं. फ्लेक्सचा फोटो आईनं पाठवला तेव्हा आणखीच टाळलं.

कोल्हापूरच्या प्रतीत गचका नाही. मी तो तुकडा शंभरदा पाहिला. पोस्टमन थांबत नाही, चढतच राहतो. तारेकडं बघतही नाही. सातव्या चरणात व्हायोलिनं आठही मात्रा वाजवतात, आणि फार सुरेख वाजवतात.

बाबूलालकाका आणि रूपलाकाकाच्या ओळी मी सरांना ऐकवल्या. त्या मला खऱ्या वाटतात. एकमेकींत इतक्या नीट बसतात की ऐकताना अंगावर काटा आला. पण सर म्हणाले, "जिथं मला संगीत ऐकू येतंय, तिथं यांच्याकडं भोक आहे. मग जिथं मला काहीच ऐकू येत नाही, तिथं यांच्यावर विश्वास कसा ठेवू? पंचेचाळीस वर्षांत बँडवाले आपल्या मनाची भर घालणारच." ते वाईट हेतूनं बोलले नाहीत, पण 'बँडवाले' हा शब्द मला लागला. मी काही तरी बोलले, जरा जास्तच बोलले.

ते खालच्या ओळी नव्यानं स्वतः लिहिणार आहेत. पत्रिकेत त्यांचंच नाव येईल. मला क्षमा कर. तुला खरं आधीच कळवायला हवं होतं.

निकिता


केनवड
१८ मार्च २०२४

प्रिय निकिता,

पत्र मिळालं. तुझा दोष नाही.

पोस्टमन थांबतो असं आप्पा कधीच म्हणाले नव्हते. ते मीच जोडलं होतं. मी तो सिनेमा पाहिलेलाच नाही. आप्पांनी चुकीचं ऐकलं असेल हे मात्र माझ्यानं मानवत नाही, आणि न मानून करू काय तेही कळत नाही.

फ्लेक्स उतरवायला गेलो होतो. शिडी मिळाली नाही.

मामा


केनवड
२१ एप्रिल २०२४

प्रिय निकिता,

महिनाभर लिहिलं नाही. आज सगळं लिहितो, बसून वाच.

फ्लेक्स तसाच राहिला आणि त्याच्यामुळंच पुढचं घडलं. रूपलाकाका कोणाच्या तरी लग्नाला इकडं आला होता. फ्लेक्स बघून घरी आला. मी त्याला गचक्याचं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गचका कायचा हाये ते मले नाई मालूम. गोविंदाभाऊनं सांगतलं तिथं थांब, म्या थांबलो. पाटलाले इचार. लिवत तर तोच होता."

मी म्हटलं, त्याच्या दारात मी जाणार नाही. तर म्हणतो, "काहून? त्याले काय शिंगं हायेत? चाल, मी येतो संगं."

गेलो. दौलतराव आता बहात्तर वर्षांचे आहेत. ओसरीवर बसले होते. त्यांच्या पत्नी सोजरबाईंनी चहा दिला. मी वही हा शब्दही काढला नव्हता. तोच ते उठून आत गेले आणि बियाण्याच्या पिशवीत गुंडाळलेली एक वही घेऊन आले. गणिताची, चौकटीची. माझ्या हातात देत म्हणाले, "म्या बँड सोडला, वही नाई सोडली. तुह्या बापानं मांगली नाई अन् म्या देल्ली नाई."

मी म्हटलं, "तुम्हाला आमच्या बँडची लाज वाटली म्हणून सोडलात."

"लाज माह्या बापाले वाटली. म्हने, त्या बँडात दिसला तर घरात पाय ठेवू नोको. म्या घर धरलं." बियाण्याच्या पिशवीची घडी घालत पुढं म्हणाले, "लाज मले मंग वाटली. तवापासून गोविंदाभाऊच्या डोयात पाह्याची हिंमतच झाली नाई."

निकिता, मी वही उघडली. एका मात्रेला एक खाना. चार ओळी, आणि प्रत्येक ओळीच्या आधी नाव. ऐकणार: गोविंदा. ऐकणार: बाबूलाल. ऐकणार: रूपला. ऐकणार: दौलतराव. ज्यानं जे ऐकलं त्यावर त्याचं नाव, अगदी कबुलीजबाबासारखं. आठ चरण, चौसष्ट खाने. सातव्या चरणातले शेवटचे चार खाने चारही ओळींत कोरे. त्याखाली दौलतरावांच्या अक्षरात लिहिलं आहे: "इथं फिल्म तुटून जोडलेली आहे. ऐकलं नाही. लिहिलं नाही."

गचका म्हणजे एवढंच होतं. आमच्या तंबूत आलेल्या प्रतीत तेवढी पट्टी नव्हतीच.

दौलतराव सांगू लागले, "म्या म्हनलं, गोविंदाभाऊ, चारच मात्रा तं हायेत, मी जुळवून देतो, कोनाले समजते? तुहा बाप भडकला. म्हने, 'ज्यानं धून बांधली त्यानं तिथं काय ठेवलं ते आपल्याले मालूम नाई. आपन कायले भरावं? जागा खाली सोड. धप्प करू, म्हंजे लोकाईले समजन, इथं कायतरी राह्यलं हाये.'"

मी तिथंच रडलो. दुःखानं नाही. सातवी शिकलेला माझा बाप, कोणी विचारणारं नव्हतं, कोणी तपासणारं नव्हतं, तरी न ऐकलेल्या चार मात्रा त्यानं आपल्या नावावर घेतल्या नाहीत. आणि मी मात्र त्याच जागेत पोस्टमनला थांबवून मुलांना धडे देत बसलो होतो.

मग दौलतरावांनी डोळे मिटून मधली ओळ पूर्ण गायली. रूपलाकाकानं खाली खर्ज धरला. सोजरबाई दाराशी उभ्या राहून नवऱ्याकडं बघत होत्या. त्यांनी त्याला गाताना कधी ऐकलं नव्हतं म्हणे. मी दौलतरावांना माफ केलं की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण निघताना वाकून नमस्कार केला.

पानाचे फोटो पाठवतो आहे. वही टपालानं पाठवणार नाही. ती आता माझ्या हातून सुटायची नाही.

तुझा,
मामा


मुंबई
६ मे २०२४

प्रिय मामा,

तू म्हणशील तेवढा वेळ बसले आणि तेवढीच रडले. मग तोंड धुऊन कामाला लागले.

आप्पांची ओळ मी कोल्हापूरच्या प्रतीशेजारी मांडली. खाना खाना पडताळला. चौसष्टातले चार कोरे, उरलेले साठ. साठच्या साठ जुळतात! एक सूर इकडचा तिकडं नाही. सरांना काही न बोलता दोन्ही कागद दिले आणि त्या चार खान्यांखालची ओळ वाचून दाखवली. त्यांनी स्वतः बोट ठेवून खाना खाना ताडून पाहिला. मग चष्मा काढून म्हणाले, "ज्या माणसानं चार मात्रा मनानं भरल्या नाहीत, त्यानं बाकीच्या साठही मनानं लिहिलेल्या नाहीत. मी लिहिलेलं फाडून टाक."

फाडलं. हौसेनं फाडलं, मामा.

त्यानंतर आमचं पुन्हा भांडण झालं. त्या चार मात्रांत वरची व्हायोलिनं प्रतीवरून मिळाली, पण खालचं काहीच नाही. सर म्हणाले, "चार मात्रांचा तर प्रश्न आहे, मी जुळवून देतो." अगदी दौलतरावांचे शब्द! मी म्हटलं, "नाही. ते कोणी ऐकलेलं नाही. जागा खाली सोडायची." ते म्हणाले, "अठ्ठावीस वादक भर रंगमंचावर गप्प बसवू?" मी म्हटलं, "आमच्या आजोबांनी भर वरातीत बसवले आहेत." ते हसले, आणि कबूल झाले.

म्हणजे सातव्या चरणात चार मात्रा फक्त अठरा व्हायोलिनं वाजतील. बाकीचे थांबतील.

पत्रिकेतला मजकूर असा आहे, छापायला गेलासुद्धा: "या धुनेच्या हरवलेल्या ओळी जपल्या: गोविंदा अंभोरे आणि बँड पार्टी, केनवड, जि. वाशिम. ऐकणार: गोविंदा, बाबूलाल, रूपला, दौलतराव."

आठ जूनची चार तिकिटं सोबत आहेत, तिसरी रांग. कोणाला आणायचं ते तू ठरव. आणि तो फ्लेक्स उतरवू नकोस. माझा दहावीतला फोटो तेवढा बदल.

तुझी,
निकिता


केनवड
१६ जून २०२४

प्रिय निकिता,

सुखरूप पोचलो. कार्यक्रम संपल्यावर तुझ्याभोवती एवढी गर्दी होती की धड बोलणं झालं नाही. म्हणून आता लिहितो.

चौथं तिकीट कोणाला दिलं ते तू पाहिलंसच. रेल्वेत दौलतराव खिडकीशी आणि मी समोर. अकोल्यापर्यंत एकमेकांशी बोललो नाही. मग सोजरबाईंच्या ठेच्याचा डबा उघडला आणि बोलायला लागलो. बाबूलालनं हट्टानं बँडचा लाल कोट घातला होता, पितळी बटणं घासून. दारावरच्या माणसानं विचारलं, "आपण वाजवणार आहात का?" बाबूलाल म्हणाला, "वाजोलं नं. पंचेचाळीस साल झाले."

खरं सांगतो, मी तो वाद्यवृंद पूर्ण ऐकलाच नाही. पोस्टमनची धून सुरू झाली आणि आम्ही चौघंही, न ठरवता, आपापली ओळ धरून बसलो. बाबूलाल पितळ ऐकत होता, बोटं मांडीवर चालत होती. रूपलाकाकाचे डोळे मिटलेले. मी आप्पांच्या जागी, वरची व्हायोलिनं. सातवा चरण आला आणि बाकी सगळं थांबलं. निकिता, त्या चार मात्रा! वर जातात आणि उतरतच नाहीत, वरच राहतात. आप्पांना त्या कधी मिळाल्या नाहीत. मला मिळाल्या. त्याच वेळी शेजारी दौलतरावांचा पाय जमिनीवर आपटला. धप्प! पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. दौलतरावांनी कोणाकडं पाहिलं नाही, मान ताठ ठेवून बसले. मीही बसलो. त्या दिवशी त्या सभागृहात आमच्याएवढं ताठ कोणी बसलं नसेल.

बाहेर आल्यावर रूपलाकाकानं विचारलं, "पडद्यावर दाखोत होते म्हनतेत. पोचला का मंग तो पोस्टमन?" मी म्हटलं, "हाव काका, पोचला." "बरं झालं," म्हणाला आणि पाणी मागितलं.

पत्रिका आपल्या घरात चौकट करून लावली आहे. एक दौलतरावांनी मागून नेली. त्यांच्या ओसरीवर, त्यांच्या वडिलांच्या फोटोखाली लावली आहे. मी पाहून आलो.

इकडं एक गंमत झाली. परवाच्या वरातीत आमच्या बँडवाल्या पोरांनी ठरवलं, आता पूर्ण धून वाजवायची, गचका काढून. सातव्या चरणात क्लॅरनेट न थांबता पुढं गेलं, आणि सवयीनं सगळी वरात थांबली. नवरदेवाची घोडीसुद्धा थांबली. मागचे पुढच्यांवर आदळले. नवरीचा मामा ओरडला, "गचका कुठी गेला बे?" तेव्हा वरातीत गचका राहणार. त्याला आता कोणी हात लावायचा नाही.

पण वहीचं वेगळं आहे. शाळेला अजून उन्हाळ्याची सुट्टीच आहे. काल टेबल पुसून वही उघडली. तू दिलेल्या स्वरलिपीच्या कागदावरून त्या चार मात्रा आप्पांच्या ओळीतल्या चार कोऱ्या खान्यांत उतरवल्या. चूक नको म्हणून आधी पेन्सिलीनं लिहिलं, मग शाईनं गिरवलं. बाबूलाल, रूपला आणि दौलतरावांच्या ओळींतले चार-चार खाने तसेच कोरे ठेवले. ते कोणी ऐकलेले नाहीत.

आप्पांच्या वहीचा नियम तुला माहीत आहे. म्हणून त्या चार खान्यांच्या डोक्यावर, बारीक अक्षरात, जागा होती तेवढ्यात लिहिलं: ऐकणार: निकिता.

तुझा,
संघदीप मामा